दोनदा आलेला शुक्रवार

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, मग हे पत्र कोणासाठी, असं माझी नातसून विचारतेय. ठाण्याची पोर आहे, अक्षर छान, पण प्रश्न फार. मी म्हटलं, तू लिही, पोचवायचं माझं मी बघते. मघाशी ती खोबरं खवत होती आणि कुरकुरत होती, "आजी, इकडच्या खवणीला धारच नाही." त्यावरून मला सामोआची खवणी आठवली, आणि तिच्यावरून ती गोष्ट, जी तुमच्या मुलाने आणि मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या बेटावर बसून आम्ही ठरवलं होतं, की परत गेल्यावर तुमच्यापासून वेगळं बिऱ्हाड करायचं. रागवायचं तर रागवा. इतक्या लांबून मला काय ऐकू येणार आहे?

लंडनजवळची, इल्फर्डची ती वरची खोली तुम्ही विसरला नसाल. मधोमध तुमच्या जुन्या नऊवारीचा पडदा, अलीकडे आम्ही, पलीकडे तुम्ही. जिन्याच्या तोंडाशी गॅस, त्याच्या मीटरला सतत शिलिंग लागायचं, आणि खाली घरमालकीण, तिच्या हातात झाडू. आपल्याकडे वाटी पडली की तिच्या छतावर दांडा, टक टक टक. मी हसले तरी टक टक. तुम्ही लगेच म्हणायचात, "हळू हस गं, खाली तिचं छत नाही, ढोलकं आहे." मग मी पदर तोंडावर घ्यायला लागले, आणि घेता घेता हसायचंच राहून गेलं. दिवसा झाडू आणि रात्री तुमचं घोरणं. काय ते घोरणं, आई! तुमचा मुलगा कुशीवर वळून पुटपुटायचा, "हिच्यात आणि बोटीच्या इंजिनात फरक एवढाच, की इंजिन बंद करता येतं." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव.

मग त्यांच्या बोटकंपनीने परवानगी काढली, की विजेचं काम बघणाऱ्या माणसांनीही एका फेरीला बायकोला न्यावं. इंग्लंडात शिलिंग जाऊन नवे पैसे यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हे घरी बोललेच नसते, पण जेवताना तोंडून निसटलं. तुम्ही माशाचा काटा काढत होतात. मान वर न करता म्हणालात, "ती जाईल."

"आई, तू एकटी राहशील?"

"एकटी कशी? खाली झाडूवाली आहे की."

आणि मला काचेचा पेला दिलात, खोबरेलाची बाटली लोकरीच्या मोज्यात गुंडाळून दिलीत आणि बजावलंत, "पाण्यावर तेल, तेलात वात. शुक्रवारची संध्याकाळ चुकवायची नाही. तो तर शनिवारचाही ओव्हरटाइम करतो, निदान दिवा तरी लागू दे." आपण कोकणातले यहुदी, गावाच्या तोंडी शनवार तेली, शनिवारी शब्बाथला घाणा बंद ठेवणारे; तुमचा मुलगा मात्र बोटीवरून परतला तरी शनिवारी लंडनच्या गोदीत. हे तुम्हाला किती लागायचं, ते मला माहीत होतं.

बोटीवर पहिल्या रात्री मला झोपच येईना. घोरणं नव्हतं ना! दिवसा आम्ही डेकवर शेजारी बसायचो, बस चुकलेली दोन अनोळखी माणसं बसतात तसे. पनामा ओलांडला, ताहितीला पोचलो. डोंगर असे हिरवे की माझ्या डोळ्यांना सवय नाही राहिलेली. तिथे हे पपईची फोड घेऊन आले आणि म्हणाले, "खातेस?" मी म्हटलं, "खाते." झालं आमचं ताहिती! रारोटोंगाला होडीत उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि मग सोडायला विसरले. मीही आठवण केली नाही. बेटाबेटांवर थांबत बोट वाळलेलं खोबरं भरत होती, इकडच्या साबणाच्या कारखान्यांसाठी. बोटीच्या तळातून वर तो वास यायचा, माझ्या माहेरच्या घाण्याचा वास, आणि मी ह्यांना तो घाणा, तो बैल, माझे वडील असं काहीबाही सांगत बसायचे. आधी कधी सांगितलंच नव्हतं. कोणी विचारलं होतं?

टोंगाला जाताना खलाशी म्हणाले, उद्या मंगळवार नाही, सोमवारनंतर थेट बुधवार. समुद्रात कुठे तरी रेघ आहे म्हणे. मला वाटलं, चेष्टा करतायत. पुढे टोंगाहून सामोआला निघालो. वाटेत शुक्रवार आला, संध्याकाळी मी पेला काढला, दिवा लावला. सकाळी सामोआ दिसायला लागलं आणि हे हसत येऊन सांगतात, "आज पुन्हा शुक्रवार. रेघ उलटी ओलांडली, म्हणून घेतलेला दिवस परत दिला." मंगळवार घेतला आणि शुक्रवार दिला! असा सौदा भायखळ्याच्या बाजारात कोणी केला असता का? पण मी घाबरले. शब्बाथ काल लागला की आज लागायचाय? ह्यांनी विचार केला आणि म्हणाले, "दिवा काल लागला ना? मग आज आपला शनिवार. संध्याकाळी परत लाव, देव काही नको म्हणणार नाही." किनाऱ्यावरचे हमाल खोबरं भरायला दुसऱ्या दिवशी येणार होते, बोटीवर काम नव्हतं. आई, तुमचा मुलगा त्या दिवशी रिकामा बसला. आपल्या शनिवारी, हात मांडीवर ठेवून. मी त्यांना इंग्लंडात तसं कधी पाहिलं नव्हतं. सारखं मनात यायचं, हे तुम्ही बघायला हवं होतं.

आम्ही गावात चालत गेलो. एका घरापुढे एक जाडजूड बाई लाकडी घोड्यावर बसून नारळ खवत होती. अगदी आपली खवणी, पुढे लोखंडी दाते! मी थांबून बघत राहिले. ती उठली, हातानेच म्हणाली, बस. मी बसले. शब्बाथला नारळ खवला, आई. तुम्ही असतात तर खवणी ओढून घेतली असतीत. मी असं भराभर खवलं की आणखी बायका जमल्या, टाळ्या पिटायला लागल्या. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. लंडनमध्ये मी बसवरचा नंबर वाचता येत नाही म्हणून मुकी. तिथे मी बोलकी झाले. माझ्या अंबाड्यातलं फूल तिने काढून माझ्याच कानावर खोचलं, आणि मी हसले. पदर वगैरे काही नाही. पोट धरून हसले. हे बघतच राहिले. मग म्हणाले, "तू अशी हसतेस होय?"

परतताना वाळूवर बसलो तेव्हा हे आपणहून बोलले. "वेगळी खोली बघू. फॉरेस्ट गेटला मिळेल. आईला मी सांगतो." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, लाजेकाजेलाही थांबले नाही. संध्याकाळी त्या बाईने दिलेल्या ताज्या तेलात दिवा लावला.

घरी आलो तेव्हा तुम्ही जिन्यावर उभ्या होतात, वाळल्यासारख्या दिसत होतात. लेकाला नाही, मला विचारलंत, "बोलतो का गं तुझ्याशी?" मी सामोआची खवणी सांगायला घेतली, बसून करून दाखवली, आणि मला तेच हसू आलं, बेटावरचं. खालून टक टक टक. मी पदर घेतला. तेव्हा तुम्ही, आई, सपात काढलीत, खाली वाकलात आणि जमिनीवर आपटलीत, ठाण ठाण! म्हणालात, "हस तू. बघते मी तिला." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही चहा टाकायला वळलात तशी हळूच विचारलं, "सांगू का आईला?" मी म्हटलं, "राहू दे." पुन्हा तो विषय निघाला नाही, तुम्ही होता तोवर आणि नंतर हे होते तोवरही.

लोकांना वाटायचं, तुमचा नातू आम्ही त्या बेटांवरून आणला. बेटांवर काही झालं नाही हो. झालं ते पुढच्या थंडीत, पॅराफिनच्या हीटरपाशी, आणि तुम्ही पडद्यापलीकडे छत उडेल असं घोरत होतात. लिही गं, लाजतेस काय?

आणि आता हे शेवटचं. ह्या घरात पडदा नाही, सरकतं दार आहे. अलीकडे मी, पलीकडे हा माझा नातू, तुमचा पणतू, आणि ही नातसून. दोघं दिवसभर कामावर, रात्रीच काय ते बोलायला भेटतात, आणि मी जागी आहे असं वाटलं की कुजबुजतात. मला झोप कुठली? वय झालं. म्हणून मी आडवी झाले की घोरायला लागते. मोठ्याने, तुमच्या चालीवर. थोड्या वेळाने पलीकडे ही पोर खुदकन हसते, आणि मला तुमची आठवण येते. इतकी वर्षं तुमची चेष्टा केली मी, आई, त्या घोरण्यावरून. तुम्हीही जाग्याच होतात ना?

काय गं, पेन का थांबलं तुझं?