बुजवलेले झरोके

३ एप्रिल

आर्डिसच्या खोलीच्या छताला डाग पडलाय. ताटलीएवढा, पातळ कॉफीच्या रंगाचा. खुर्चीवर चढून बोट लावलं — ओला! वळचणीला अजून बर्फाचा जाड बांध आहे. वरचं वितळलेलं पाणी त्याच्यामागे तुंबतं आणि वाट शोधत आत येतं. मिनेसोटात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण आमच्या घरात एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

बादली ठेवली. पलंग सरकवावा लागला. बायको वारल्यावर सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तो हलला.

४ एप्रिल

सिग्नीला फोनवर सांगायला नको होतं. ॲरिझोनात बसून पोरगी इथल्या बादलीची काळजी करते. तिला तरी काय बोलू? आर्डिसच्या आजारपणाचे दोन्ही हिवाळे ती काम घेऊन इथेच येऊन राहिली होती, आईपाशी.

"बाबा, तू एकटा त्या शिडीवर चढणार नाहीस." मग नेहमीचं — घर विक, इकडे ये, इथे बर्फच नाही. मी म्हटलं, छपराला वॉरंटी आहे. आजीवन. ती म्हणाली, "बरं. कंपनीने छप्पर करून दिलं तर राहा तिथे. नाही दिलं तर जूनच्या आत घर विकायचं. शब्द दे."

दिला. छप्पर माझ्या पैशाने करण्याची ऐपत आता नाही, हे तिलाही माहीत आहे. पण कागद आहेत की!

५ एप्रिल

कागद सापडले. आर्डिसच्या कपाटात, 'छप्पर' लिहिलेल्या पाकिटात. दोन आहेत! मी सात वर्षं समजत होतो वॉरंटी एकच असते. एक आहे शिंगल्स बनवणाऱ्या कंपनीची — छपरावरच्या त्या डांबरी पट्ट्या. दुसरी वर्लिनची, ज्याने त्या बसवल्या. माल खराब निघाला तर कंपनी. बसवण्यात चूक झाली तर वर्लिन, दहा वर्षांपर्यंत.

म्हणजे आधी ठरवायचं चूक कोणाची. डेअरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं हेच केलं. दूध नासलं की पहिला प्रश्न — गोठ्यात, कॅनमध्ये, की आपल्याकडे?

७ एप्रिल

कंपनीची चार पानं भिंग घेऊन वाचली. दुपार कशी गेली कळलं नाही. मजा वाटली असं लिहायला संकोच वाटतो. पण वाटली.

'आजीवन' म्हणजे छपराचं आयुष्य नव्हेच! पहिल्या मालकाचं, तेही घर त्याच्याकडे असेपर्यंत. पूर्ण भरपाई पहिली दहा वर्षं, पुढे दर वर्षी थोडी कमी. घर विकलं तर नव्या मालकाला एकदाच देता येते, मुदतीत कळवलं तर. गारांनी फुटलं तर यांच्याकडे यायचं नाही, विम्याकडे जायचं. वारा ठरावीक वेगापर्यंत. बर्फाचा बांध — नाही. इथे मन जरा खचलं. पण शिंगल्सच निकृष्ट असतील तर भरपाई आहे, आणि मग त्या बदलून द्याव्याच लागतील.

शेवटच्या पानावर एक अट — माळ्यावर हवा खेळती हवी. ती आहेच. वर्लिनने वळचणीखाली झरोके पाडून जाळ्या बसवल्या होत्या, मी शिडी धरली होती. बरोबरची खूण केली.

८ एप्रिल

कंपनीला फोन केला. मुलगी गोड बोलणारी. कागदावर मालक दोन आहेत म्हणाली, दुसऱ्या मालकांशी बोलता येईल का?

"नाही."

"मग कधी असतील त्या?"

मी म्हटलं, मीच बोलतो सगळं. तिने तक्रारीचा क्रमांक दिला. तो पाकिटावर लिहिला, आर्डिसच्या अक्षराखाली.

११ एप्रिल

वर्लिन आला. बायकोने केलेल्या लिंबाच्या गोड वड्या घेऊन. चर्चच्या गायकांत सगळ्यात खर्जातला आवाज याचा, शिडीवरही गुणगुणतो. तासभर वर होता.

"खिळे जागच्या जागी आहेत," उतरून म्हणाला. "माझं काम वाईट नाही." इकडे 'वाईट नाही' म्हणजे उत्तम. मग मूठ उघडून दाखवली. पन्हळीतले काळे दाणे, शिंगल्सवरून झडलेले. "सात वर्षांत एवढं टक्कल पडायला नको. नशीबवान आहेस, माल खराब दिसतोय!"

आम्ही दोघं खूश. खराब मालावर इतके खूश झालेले दोन म्हातारे तालुक्यात नसतील.

मग तो माळ्यावर गेला. गुणगुणणं थांबलं.

"एल्डन. हे कोणी केलं?"

वर गेलो. त्याची बॅटरी वळचणीकडे होती, जिथे छप्पर उतरत येऊन भिंतीला टेकतं. तिथे चारी बाजूंनी थंडी अडवायच्या, काचलोकरीच्या गुलाबी गाद्या कोंबलेल्या.

"मी," म्हटलं. आर्डिसचे उपचार सुरू झाले तेव्हापासून. तिला थंडी वाजायची. दोन ब्लँकेट, तीन ब्लँकेट, तरी म्हणायची — एल्डन, कुठून तरी गार येतंय रे. मी शोधत शोधत वर पोचलो. वळचणीला हात लावला तर बर्फासारखी हवा आत येत होती. एक गादी कोंबली. चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. आणखी एक. असे दोन हिवाळे.

"अरे बाबा, ती हवा आत यायलाच हवी! छपराला खालून गार ठेवते ती. तू बंद केलीस, माळा तापला, बर्फ खालून वितळला आणि कडेला जाऊन गोठला. वर उन्हाळाभर शिंगल्स खालून भाजल्या. दाणे झडणार नाहीत तर काय?"

"मला वाटलं, गार हवा येते म्हणजे भोक राहिलंय."

"सगळ्यांना तेच वाटतं. निम्मं गाव कोंबतं." मग आवाज खाली आणून, माळ्यावर आम्ही दोघंच असताना — "कंपनीचा माणूस यायच्या आत काढून टाक. अर्ध्या दिवसाचं काम. तू म्हणशील तर मी येतो. कोण विचारतंय?"

खाली येऊन मांडीवर थाप मारली, "चला तर मग," म्हणाला. आणि पुढची चाळीस मिनिटं दारात उभा राहून गुडघ्याबद्दल, माशांबद्दल, नव्या पाद्र्याबद्दल बोलला. गाद्यांचं नाव नाही.

७ तारखेला केलेली बरोबरची खूण खोडली.

१२ एप्रिल

काढायला वर गेलो. पहिली ओढली. पाठीच्या कागदावर पेन्सिलीने माझंच अक्षर — '१४ जानेवारी. पाय गार.' विसरलोच होतो! डेअरीतली सवय. प्रत्येक नमुन्यावर तारीख आणि काय आढळलं ते.

दुसरी. '१९ जानेवारी. खांदे. उत्तरेकडून येतं म्हणाली.'

दोन्ही होत्या तिथे परत ठेवल्या.

१३ एप्रिल

वर्लिन म्हणतो ते खरं का, हे बघायला हवं. डेअरीचे दोन थर्मामीटर आहेत. एक माळ्यावर टांगला, एक बाहेर सावलीत.

माळा एकवीस अंशांनी जास्त गरम!

मग पूर्वेच्या एकाच झरोक्याला अर्धा तास मोकळं केलं. तिथे हात धरला. हवा हातावरून आत गेली, वर चढली. ती माळ्याच्या शेंड्याकडे जाते, तिथल्या फटीतून बाहेर. सबंध छप्पर श्वास घेतं. हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर! पण मी विचारलं कुणाला?

पुन्हा बुजवलं. अर्धवट काढून ठेवणं म्हणजे नमुना बिघडवणं. असं मी स्वतःला सांगितलं.

१६ एप्रिल

तळ्यावरचा बर्फ आज फुटला. तो कधी फुटेल याच्या पैजेत वर्लिन दोन दिवसांनी हरला. त्याचा निरोप — "काढल्या का?" उत्तर दिलं नाही.

१८ एप्रिल

कंपनीचा माणूस उद्या येणार.

काढल्या तर घर राहील, बहुतेक. मी खोटं बोलतोय असंही कोणी म्हणणार नाही, कारण कोणी विचारणारच नाही. पण मग दाणे झडले ते माल खराब म्हणून, असं मी सही करून म्हणणार. दुधात पाणी मी घातलं आणि दोष गाईला. तीस वर्षं ज्यांची दुधं परत पाठवली, त्यांतले अर्धे अजून चर्चमध्ये भेटतात.

शिडी माळ्याखाली आडवी पडलीय; तिथून काढली नाही, लावलीही नाही.

१९ एप्रिल

प्रुइट नावाचा माणूस. चाळिशीतला, बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत आला. दोन शिंगल्स काढून पिशवीत भरल्या, बाकीच्यांचे फोटो काढले. मोजकं बोलणारा. मला आवडला.

माळ्यावर त्याने वळचणीकडे बॅटरी मारली. "बसवणाऱ्याने झरोके सोडलेच नाहीत वाटतं. मग हे आमच्याकडे येणार नाही, मिस्टर रायस्टॅड. पण त्याच्या वॉरंटीत बसेल. त्याची दहा वर्षं संपली नाहीत ना?"

म्हणजे हा दरवाजा अजून उघडा होता! मान हलवली असती तर छप्पर झालं असतं — वर्लिनच्या पैशाने. मला हे कागद वाचताना सुचलंच नव्हतं.

"झरोके आहेत," मी म्हटलं. "मी बुजवलेत."

त्याने एक गादी बाजूला केली. मागची जाळी दिसली. मग कागदावरचं वाचलं. दुसरीवरचं. तिसरीवरचं.

"हे काय आहे?"

"बायको आजारी होती."

त्याने बॅटरी खाली केली. "फोटो घ्यावे लागतील."

"घ्या."

जाताना बुटांच्या पिशव्या काढत विचारलं, "याने वॉरंटी जाते हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं."

माहीत असतं तरी कोंबल्याच असत्या. ते काही त्याला सांगितलं नाही.

२० एप्रिल

वर्लिनला सगळं सांगितलं. आधी — "मूर्खा." मग — "रविवारी जेवायला ये."

२ मे

पत्र आलं. नकार. कारणं क्रमाने दिलीत, कलमांसकट. चूक काढता येत नाही. मी असतो तर हेच लिहिलं असतं, एवढं नीट नसतं.

संध्याकाळी सिग्नीला फोन केला. शब्द पाळतो म्हटलं, सोमवारी घरविक्रीवाल्याला बोलावतो. मग तिला कारण सांगितलं. गाद्या, तारखा, पाय, खांदे. हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी वर चढतो हे ठाऊक होतं, पण मी लिहून ठेवलंय हे नाही.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"बेचाळीस."

तिने आकडा पुन्हा स्वतःशी म्हटला. मला वाटलं घराचं वाईट वाटतंय. "उद्या बोलते, बाबा," म्हणाली आणि ठेवला.

३ मे

सकाळी सातला सिग्नीचा फोन. झोपलेली नव्हती.

"तुझा शब्द परत घे, बाबा. घर विकायचं नाही. छपराचं मी बघते. ते तू नाही, आम्ही दोघींनी बिघडवलं. आईला थंडी वाजत नव्हती रे. औषधांनी तिच्या अंगाची आग व्हायची. तू खुर्चीत बसून नुसता तिच्याकडे बघत राहायचास, ते तिला बघवत नव्हतं. म्हणायची, याच्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं. तू शिडीवर चढलास की मला सांगायची — आता खिडकी उघड, बोटभर."

मी विचारलं, किती वेळा?

"दर वेळी."