चहाआधीचा अर्धा तास

२ ऑगस्ट
सकाळी कडगंचीहून लेकीचा, सुजाताचा फोन. "अप्पा, गोळी घेतली का?"
"व्हय."
घेतली नव्हती. चहा पीत होतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा तास चहासुद्धा नाही, हा माझ्या बायकोचा, शांताचा कायदा. गोळी माझ्या हातावर ठेवायची, समोर बसायची आणि गावभरच्या बातम्या सांगायची. तिला जाऊन नऊ महिने झाले. आता समोर भिंत.

५ ऑगस्ट
११ला तपासणीसाठी रक्त द्यायचंय. लेकीची ताकीद : "मागच्या खेपेला बी रिपोर्ट बिघडला व्हता. ह्या खेपेला बिघडला तर घराला कुलूप. मी न्यायला येनार."
मी हे गाव, कोहिनूर, सोडणार नाही. इथल्या डब्या-डब्यावर शांताच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. जिरे. मोहरी. तिखट (जुनं).
उपाय सापडला. आजपासून दोन-दोन गोळ्या.

९ ऑगस्ट
छातीत धडधड. हात कापतो, अक्षर बिघडलं. पण बाटली झपाझप रिकामी होतेय. रिपोर्ट झकास येणार.

१२ ऑगस्ट
बसवकल्याण, दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, घरची भाषा कन्नड, मराठी आपल्यासारखीच. रिपोर्ट दोनदा वाचला. टीएसएच बावीस, चार-पाचच्या आत हवा. टी-फोर, म्हणजे गोळीतलं औषध, मात्र भरपूर, वरच्या टोकाला.
मी साळसूदपणे, "डोस वाढवावा लागंल?"
"डोस बरोबर हाय, गुरुजी. टी-फोर परवाच्या गोळ्या सांगायलाय. टीएसएच मागचा दीड महिना सांगायलाय. दोघांचं जमंना." मग हळूच, "शेवटच्या आठवड्यातच घेतल्या न्हवं?"
तीस वर्षं गुरुजी होतो. महिन्याचं शुद्धलेखन एका दिवसात उतरवून आणणारी पोरं एका नजरेत पकडायचो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शाई सारखी. मग उभं करायचो. आज माझी पाळी.
"रोज कामून घेत न्हाई, गुरुजी?"
विसरतो म्हणालो. तेही खोटं. मला त्या अर्ध्या तासाची भीती वाटते. उठल्या उठल्या चहा घेतला की निदान तोंडाला काम मिळतं. हे त्या पोरीला कसं सांगू?
दोन-दोन घेतल्याचं मात्र कबूल केलं, तर रागावल्या, हृदयाला त्रास होईल म्हणे. रोज एकच. दीड महिन्यानं पुन्हा रक्त.
सुजाताला म्हणालो, रिपोर्ट अजून आला नाही.

१३ ऑगस्ट
गोळी हातावर घेऊन बसलो. चार मिनिटं. गोळी परत बाटलीत, चहा चुलीवर.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंड्याला बोलावलं होतं. दोन तास माणसांत. मग घर. गोळी नाही.

१७ ऑगस्ट
आज फोन लवकर आला. चहा टाकायचा होता अजून.
"घेतली का?"
व्हय अगदी ओठावर होतं.
"न्हाई, बाई. रिपोर्ट बी बिघडलाय. तिच्याबिगर तेवढा वेळ एकट्याला बसवंना."
आता म्हणेल, पिशवी भरा.
"आता घ्या," म्हणाली. "फोन ठेवू नका. मी हाय."
घेतली. तिकडं नळ, भांडी, कुकरची शिट्टी. मधेच नाक ओढल्याचा आवाज. शांता गेल्यापासून आम्ही बाप-लेक एकमेकांसमोर रडलो नव्हतो. माझेही डोळे…
"झाला अर्धा तास. टाका चहा."
कुलपाचं काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

१८ ऑगस्ट
सहा वाजून दहा. गोळी हातावर, मोबाईल समोर. उद्या फोन करते असं काल ती म्हणाली नव्हती. कर, असं मीही म्हणालो नाही. तिलाही कामाला जायचं असतं.
सहा वीस.
गिळली. फोन अजून आलेला नाही.