चार कप्प्यांची डबी

५ जानेवारी, सोमवार. दुपारी १.
जानराव नांदगाव खंडेश्वरला शेतावर कायमचे राहायला गेले. म्हणजे वाहेदभाईंच्या टेलरिंग दुकानात रोज तीन ते पाच चालणाऱ्या मेंढीकोटात चौथी जागा रिकामी. ती माझी आहे. बारावी सुटल्यापासून मी घरीच आहे, आणि दुपारी घरात दिसलो की वहिनी विचारतात, ‘भाऊजी, आज कुठी गेले नाई का?’ रोज. मुद्दाम.
दुसरा उमेदवार मामाचा नितेश. त्याचे मोबाइलचे दुकान आहे, म्हणजे बसायला जागा आहे. तरी नजर माझ्या जागेवर. हावरट.

सायंकाळी ५.३०.
दुकानातल्या मंडळींचे पत्ते पाहिले. पन्नीत गुंडाळून वर रबरबँड. कोपरे मुडपलेले. अशी माणसे देशाचे काय भले करणार? मी म्हणालो, फुकटात डबी करून देतो. भगवंतराव म्हणाले, ‘आंधी डबी आन, मंग तुह्या बसाचं पाहू.’ रिटायर कंडक्टर. अजून लोकांना उभेच ठेवतात.
पत्ते मापासाठी घरी आणले.

६ जानेवारी, मंगळवार.
आराखडा तयार. जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा, मैद्याची खळ, मागच्या संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद. विकतचा गोंद घेणार नाही. तत्त्व.
कप्पे चार. बदामला आतून गुलाबी कागद, इस्पिकला जांभळा, चौकटला पिवळा, किलवरला हिरवा. एक पान हरवले तरी लगेच कळेल. बाजारात अशी डबी नाही, कारण बाजारात डोके नाही.

८ जानेवारी, गुरुवार.
वहिनींनी मैदा कुठे गेला विचारले. खळीचे भांडे पलंगाखाली सरकवले.
वाहेदभाईंचा निरोप: ‘पत्ते कब लाता रे? तीन दिन से एक-दूसरे का मुँह देख रहे.’ खळ ओली होती. पण घाई त्यांची, जबाबदारी त्यांची. पत्ते कप्प्यांत भरले, झाकण लावले, वर वरवंटा ठेवला.

१० जानेवारी, शनिवार.
उघडली. पानांच्या पाठीला कडेकडेने रंगाची हलकी छटा उतरली आहे. चित्रांची बाजू बावन्नच्या बावन्न तपासली. निर्दोष. पाठ कोण पाहतो? उलट पत्ते महाग वाटतात.

१२ जानेवारी, सोमवार.
जागा मिळाली!
माझे भिडू भगवंतराव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पान नाकाला लावून बघतात. विरुद्ध वाहेदभाई आणि माणिकबाई. माणिकबाई दुकानात काज-बटण करतात. वय सत्तर, जीभ सत्तावीस.
वाहेदभाईंनी पत्ते उलटसुलट करून पाहिले, मग माणिकबाईंकडे पाहिले. म्हणाले, ‘बहोत काम की चीज बनाया बेटा.’ माणिकबाई म्हणाल्या, ‘अशीच डबी पायजे होती बाप्पा.’ शेवटी किंमत कळली.
हरलो. तीन कोट.

१३ जानेवारी, मंगळवार.
हरलो. पाच कोट.
आमचा खेळ बंद हुकमाचा. एकाने एक पान उपडे ठेवायचे. ते बदाम तर बदाम हुकूम, पण उघडेपर्यंत ते ठेवणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. मी बदामची दुर्री उपडी ठेवली. माणिकबाई म्हणाल्या, ‘वाहेदभाई, आज बदामाचा शिरा खावासा वाटून राह्यला.’ या बाईला कसे कळते?

१५ जानेवारी, गुरुवार.
कळले. आरसा! गिऱ्हाइकांचा मोठा आरसा बरोबर माझ्या पाठीमागे आहे. सर्वांसमोर तोंडावर सांगितले. माणिकबाई उसळल्या, ‘माह्या सासूनं नाई घेतला असा आळ, अन् तू घेतं काय रे?’ मी ठाम. वाहेदभाई हसत म्हणाले, लाव कपडा. आरशावर अस्तराचे कापड मीच ठोकले. खिळे घरचे. दोन गिऱ्हाइके नवी पँट पाहायला शेजारच्या सलूनमध्ये गेली.
तरी हरलो. सहा कोट.

१६ जानेवारी, शुक्रवार.
आता संशय वाहेदभाईंच्या खोकल्यावर. तक्ता केला. अकरा वेळा खोकले. हुकमाशी मेळ बसत नाही. महाधूर्त.

१७ जानेवारी, शनिवार.
भगवंतराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला मुलीकडे गेले. खेळ बंद. जाताना म्हणाले, ‘डोये कायले बदलवतो, भिडूच बदलवतो.’ मनावर घेतले नाही.

१९ जानेवारी, सोमवार.
मनावर घेतलेले नाही.

२७ जानेवारी, मंगळवार.
भगवंतराव आले. पत्ते वाटले. काळा चष्मा काढला, आणि स्वतःची पाने उचलायच्या आधीच थांबले. समोरून माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुह्यापाशी सहा बदाम, चार चौकट, दोन किलवर अन् एक इस्पिक. खरं का खोटं?’
मोजले. खरे.
भगवंतराव ओरडले, ‘अबे, पाठीवर नावंच काहून नाई लिवले!’ माणिकबाई म्हणाल्या, ‘आमी कुठी लपोलं? यानंच बनोलं, अन् वरतून माह्यावर आळ.’ मी शांतपणे सांगितले की चूक पतंगाच्या कागदाची आहे. भगवंतराव म्हणाले, ‘ऊठ.’

२८ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.१५.
माझ्या जागेवर नितेश. सोबत त्याचे प्लास्टिकचे पत्ते. पाण्याने धुता येतात म्हणे. कंपनीच्या खोक्यात आले, एकही कप्पा नाही. गबाळे काम.
मी सुधारित डबीचा आराखडा नेला होता. एक कप्पा, रंग नाही. कोणी मान वर केली नाही. वाहेदभाई पान टाकता टाकता म्हणाले, ‘वो आइने का कपडा निकाल दे बेटा, तूने ही ठोका था.’
स्टुलावर चढून खिळे काढले. कापडाची नीट घडी केली. माझ्या जागेला लागून उभा राहिलो आणि आरशात पाहिले. मग माणिकबाईंच्या बाजूने पाहिले. शेवटी दाराशी जाऊन पाहिले.
आरशात कोणाचेच पत्ते दिसत नाहीत. दाराशी उभा असलेला माणूस तेवढा दिसतो.