उजव्या हेडलाइटातलं पाणी

१२ जून, बुधवार. पाऊस.
आजपासून नोंदी ठेवायच्या. गॅस कंपनीत एकतीस वर्षं मीटर वाचले, एक आकडा चुकला नाही. स्वतःच्या चार ओळी लिहिणं काही जड नाही.
परिस्थिती अशी. गाडीच्या उजव्या हेडलाइटात पाणी साचतं. काच आतून धुरकट होते आणि दिवा लावला तर मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. गेल्या वर्षापासून हे चालू आहे. गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत ८ जुलैला संपते. चिएमी रविवारी फुकुईला गेली, मिहारूकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे. थोडे दिवस म्हणाली. जाताना दोन बॅगा, हेअर ड्रायर आणि भाताचा कुकर नेला. मिहारूचा कुकर लहान असावा.
ठरलं. हेडलाइट स्वतः दुरुस्त करायचा, तपासणीला गाडी स्वतः न्यायची, आणि मग तीच गाडी घेऊन चिएमीला आणायला जायचं. ट्रेनने लवकर पोचता येतं, पण बायकोला आणायला ट्रेनने जाणं बरं दिसत नाही. शिवाय दोन बॅगा. शिवाय कुकर.
चार दिवसांचं काम.

१४ जून.
कोपऱ्यावरच्या गॅरेजचा ओगुरी छत्री घेऊन उभा राहिला आणि न विचारता निदान केलं. म्हणाला, कुसाकाबे-सान, काच आणि डबा जिथे चिकटवलेत तिथला जोड गेलाय. भंगारातून जुना पण चांगला दिवा आणतो आणि बसवून देतो, विषय संपला. नोव्हेंबरातही त्याने हेच सांगितलं होतं. गॅरेजवाल्यांना सगळ्यावर एकच औषध माहीत असतं, बदला. मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, बघून बघून त्यात मासे होतील. याच्याशी फार बोलायचं नाही.
हेअर ड्रायर नसल्यामुळे गाद्या वाळवायचं यंत्र अंगणात काढलं. मागचा बल्ब काढून त्या भोकात नळी खुपसली. दोन तास गरम हवा. काच आरशासारखी झाली.
दोन दिवसांतच काम फत्ते. उरलेले दोन दिवस विश्रांती.

१५ जून, सकाळ.
परत धुरकट.

१८ जून.
मूळ कारण सापडलं. दिव्याच्या पाठीमागे हवा खेळायला दोन बारीक नळ्या ठेवलेल्या आहेत. ज्याने हे डिझाइन केलं त्याला जपानातला पावसाळा माहीत नसावा. हवा आत गेली तर दमट हवाच जाणार. दोन्ही नळ्यांना टेप मारला, जोडावरही तीन पदर मारले. आता आत काही जाणार नाही.

२१ जून.
आत काही जात नाही, तसंच बाहेरही काही येत नाही. पूर्वी धुकं होतं, आता थेंब आहेत. ही प्रगतीच म्हणायची. धुकं मोजता येत नाही, थेंब मोजता येतात. सकाळी सतरा, संध्याकाळी बावीस.
मिहारूला फोन केला. आई कशी आहे विचारलं. म्हणाली, मजेत आहे, जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला लागली, सकाळची पाळी. मी म्हणालो, थोड्या दिवसांसाठी नोकरी कशाला. मिहारू म्हणाली, बाबा, तुम्ही स्वतः येऊन आईशी बोला ना. ट्रेन आहे. मी सांगितलं, दिवा झाला की येतोच. बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. लाइन खराब असावी.

२५ जून.
आज खरी युक्ती सुचली. ओल काढायची तर ओल शोषणारी वस्तूच आत ठेवायची. नोरीच्या, म्हणजे त्या शेवाळाच्या पापडांच्या, डब्यात पांढऱ्या पुड्या असतात. असल्या पावसातही त्यांच्यामुळे पापड कडकडीत राहतात. ओगुरीच्या सात पिढ्यांना हे सुचलं नसतं.
पुड्यांचा साठा घरातच निघाला. सासूबाईंच्या अंत्यविधीला आलेल्यांना परतभेट द्यायला नोरीचे डबे आणले होते, त्यातले नऊ उरले होते. चिएमीने ते पांढऱ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले होते. दूरच्या नातेवाइकांना बॉनच्या, म्हणजे पितरांच्या, सणात नेऊन द्यायचे म्हणत होती. सगळे फोडले. नऊ डबे, अठरा पुड्या. नोरी संध्याकाळपर्यंत ओल्या कागदासारखी झाली. रात्री जमेल तेवढी खाल्ली.
पुडीवर लाल अक्षरात छापलं आहे की आत कळीचा चुना आहे, पाणी लागू देऊ नये, तापतो. हे लहान मुलांसाठी असतं.
बल्बच्या भोकातून एकेक करून अठराही पुड्या आत सोडल्या.

२७ जून.
पूर्ण यश. काच कोरडी. एकही थेंब नाही.
किरकोळ बाबी. एक, पुड्या फुगल्या आणि पाचसहा फुटल्या. दोन, दिवा न लावताच तापला होता, हात ठेवला तर चटका बसला. तीन, आत चुन्याची चिखलवजा पेज झाली आहे आणि ती जिथे जिथे लागली तिथला, उजेड पुढे फेकणारा चंदेरी मुलामा उडाला आहे. खाली काळपट प्लॅस्टिक दिसतं. चार, फुगलेल्या पुड्या ज्या भोकातून आत गेल्या त्यातून बाहेर येत नाहीत.
पण प्रश्न पाण्याचा होता. पाणी गेलं.

२८ जून.
झोप नीट लागली नाही. एक गोष्ट लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.
फेब्रुवारीत कानाझावाच्या हॉस्पिटलमधून फोन आला होता. सासूबाईंचं काही खरं नाही, लगेच या. संध्याकाळचे सहा वाजले होते, पावसात बर्फ मिसळलेला. उजवा दिवा असून नसल्यासारखा. चिएमी म्हणाली, टॅक्सी बोलवू या हो. मी म्हणालो, दारात गाडी उभी असताना टॅक्सी कशाला. समोरचं दिसत नव्हतं म्हणून तीसच्या वेगाने गेलो. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, मी लक्ष दिलं नाही. सुखरूप पोचलो. तोवर सगळं आटोपलं होतं.
परत येताना चिएमी काही बोलली नाही. नंतरही तिने हा विषय कधी काढला नाही. म्हणजे तिच्या मनात काही नाही. असतं तर चार महिन्यांत एकदा तरी बोलली असती. दोष हवामानाचा होता.

५ जुलै, शुक्रवार.
तपासणी. रांगेतले बाकी सगळे गॅरेजवाले, मालक स्वतः आलेला मी एकटा. अभिमान वाटला. ब्रेक पास, धूर पास, चाकं पास. उजव्या हेडलाइटाला लाल फुली.
एका दिवसात तीन वेळा रांगेत येता येतं. दुसऱ्यांदा जाण्याआधी काच बाहेरून पुसली. फुली. तिसऱ्यांदा बल्ब थोडा फिरवून बसवला. फुली.
तपासनीस वाकून आत बघत होता. अदबीने म्हणाला, माफ करा, पण आत हे काय घातलंय? मी पुड्यांचं तत्त्व समजावलं. त्याने टोपी काढून परत घातली. म्हणाला, साहेब, थोडी वाफ असती ना, तर चाललं असतं. आम्ही वाफ मोजत नाही, उजेड मोजतो. उजेड तर तुम्ही ठेवलाच नाही.
सरकारी माणसाला टोमणे मारायचा अधिकार कोणी दिला. तक्रार करणार होतो, फॉर्मही घेतला. पण तक्रारीचं कारण एका ओळीत लिहा असं होतं, आणि ते एका ओळीत बसेना.

९ जुलै.
मुदत कालच संपली. गाडी आता कायद्याने रस्त्यावर काढता येत नाही. अंगणात उभी आहे.
चिएमीचा फोन आला. खूप दिवसांनी आवाज ऐकला, बरं वाटलं. म्हणाली, माझे थंडीचे कपडे पाठवाल का, आणि नोरीचे ते नऊ डबे. जुलैत थंडीचे कपडे. पहिल्यापासूनच ती दूरचा विचार करणारी. मी विचारलं, परत कधी येतेस. ती म्हणाली, कपड्यांत डांबरगोळ्या घालू नका, मिहारूला वास सहन होत नाही.
कपडे पाठवले. कपाटाच्या दमटपणामुळे दोन कोटांना बुरशी आली होती, ती झटकली. डब्यांबद्दल चिठ्ठीत लिहिलं, पावसात खराब होतील म्हणून पाठवले नाहीत.

१६ जुलै.
दूरदृष्टीने निर्णय घेतला, किरकोळ कामं इतरांवर सोपवायची. ओगुरीला बोलावलं. त्याने जुना दिवा काढला, हलवून पाहिला. खुळखुळा वाजावा तसा वाजला. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. म्हणाला, नोव्हेंबरातच हो म्हणायला हवं होतं, कुसाकाबे-सान. वहिनी दोनदा येऊन गेल्या होत्या माझ्याकडे. म्हणत होत्या, ते ऐकतील असं काहीतरी बोला तुम्ही.
हे मला माहीत नव्हतं.
तपासणीपुरती गाडी रस्त्यावर काढायला पालिकेतून तात्पुरती नंबरप्लेट आणली. उद्या परत तपासणी.

१७ जुलै.
पास. तपासनीस तोच होता. आत वाकून बघितलं आणि नुसतं डोकं हलवलं.
शनिवारी फुकुई.

२० जुलै, शनिवार. ऊन.
पाऊस संपल्याचं सकाळी टीव्हीवर सांगितलं. नऊला निघालो, साडेदहाला पोचलो. मिहारूच्या इमारतीखाली गाडी लावून चिएमीला फोन केला. दुकानाचा ॲप्रन घालूनच खाली आली. केस कापलेत. बरी दिसते.
भर उन्हात दोन्ही दिवे लावून दाखवले. काच किती स्वच्छ आहे, आत एक थेंब नाही, सगळं सांगितलं. ती उजव्या दिव्यासमोर वाकली, काचेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, झालं काम, आता बॅगा आणायला वर जाईल.
तिने विचारलं, अहो, ओगुरींना हा बदलायला किती वेळ लागला? मी नेमकं सांगितलं, पंचवीस मिनिटं, त्यातली पाच चहाची.
ती म्हणाली, पंचवीस मिनिटं. मग परत एकदा तेवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. म्हणाली, त्या संध्याकाळी नर्सने मला सांगितलं होतं, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. ती हे सांगत होती तेव्हा तुम्ही पार्किंगमध्ये गाडी सरळ लावत होतात.
मी काय बोललो ते आठवत नाही. हवामानाबद्दल काहीतरी बोललो असेन.
ती म्हणाली, उन्हाचे आलात, गार चहा पाठवते, तो घेऊन निघा. वर या म्हणाली नाही. चहा मिहारूने आणून दिला. उभ्यानेच प्यायलो. कप तिच्या हातात दिला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
फार वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही.
परत येताना लख्ख दुपार होती. दिवे लावायची वेळच आली नाही.