शारदाच्या महालक्ष्म्या

२९ ऑगस्ट, शुक्रवार
मुकुलचा पुण्याहून फोन. "बाबा, यंदा महालक्ष्म्या नकोच. आईला स्वतःचं घर ओळखू येत नाही, तुम्ही एकटे काय काय करणार?"
बसवणार! इतकी वर्षं शारदाच्याच हातानं उभ्या राहिल्यात. त्या बघून तरी हिला काही आठवेल. आठवेलच.
मुकुलला रजा नाही.

३० ऑगस्ट
माळ्यावरून पेटी काढली. पितळी मुखवटे चिंचेनं घासले. ज्येष्ठेचा मुखवटा शारदाच्या मांडीवर दिला, तर परत माझ्या हातात! "तुमचं तुम्ही ठेवा."
सगळं विसरली. पण मी हाक मारली की अजून हसते. तेवढं पुरे.

३१ ऑगस्ट, रविवार
आज आवाहन. दारापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढली. कसली पावलं — बदकाची वाटतात.
मुखवटा आत आणताना घरातल्यानं विचारायचं, "कशाच्या पावलांनी आली?" हिला आत उभी केली, पढवलं. मी उंबऱ्यात थांबलो. ती खिडकीतून देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं बघत राहिली. शेवटी मीच विचारलं, मीच सांगितलं — "सोन्याच्या पावलांनी."
मग साड्या. तीनदा सुटल्या. शेजारच्या उमादेवी आल्या. "काका, निऱ्या उलट्या घातल्यात की! सरका, मी नेसवते."
तेवढ्यात शारदा उठली. माझ्या हातातून पदर घेतला. टाचणी ओठांत, बोटांत भराभर निऱ्या — एकसारख्या! दोघींना नेसवलं, गजरे माळले, मागं सरून मान कलती करून बघितलं. "धाकटीचा पदर आखूड झाला." पुन्हा सोडून नेसवला.
उमादेवींनी डोळे पुसले. "काकूला समदं आठवतंय की हो!"
आठवतंय!! मुकुलला लगेच फोन केला. तोही रडला.

१ सप्टेंबर
पुरणाचा स्वैपाक उमादेवींनी केला. फुलोरा मात्र शारदानं स्वतः बांधला — करंज्या, वेण्या, सगळं जागच्या जागी. आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावलं. आरती अख्खी म्हटली.
मी नुसता बघत बसलो. किती दिवसांनी घरात माणूस आहे असं वाटलं.

२ सप्टेंबर, मंगळवार
दहीभाताचा नैवेद्य झाला. शारदानं पाट मांडून मला बसवलं, वाढलं. फार मायेनं म्हणाली, "संकोच करू नका हं. महालक्ष्म्यांचा प्रसाद आहे, जेवूनच जा. आमचे हे येतीलच एवढ्यात."
मी पुन्हा भात मागून घेतला.