प्रबंधाचं पारायण

पुणतांबे,
ता. १४ मे १९४६

तीर्थस्वरूप राधाकृष्णमामांच्या सेवेशी शामकांतचा साष्टांग नमस्कार. तुमची गुडघेदुखी आणि मामींचं पित्त या दोघांनीही आता आवरतं घेतलं असेल, अशी आशा आहे. (तुमच्या कॉलेजच्या कचेरीचे जिने पाहता गुडघ्यांबद्दल फारशी नाही.)

तुमच्या डोळ्यांदेखत गुरुवर्यांच्या टेबलावर प्रबंध ठेवून मी गावी आलो. येत्या सोमवारी ते तो परीक्षकांकडे धाडणार आहेत. वाचणार अर्थातच नाहीत. गुरुवर्य प्रबंध वाचत नाहीत, हातात घेऊन वजन पाहतात; माझा भरला म्हणून खूश होते. दोन वर्षं मी त्यांच्या मुलांकडून त्रैराशिकं करून घेतली आणि त्यांनी मला 'स्वतंत्र विचाराला वाव' दिला. विद्येच्या माहेरघरी ही तऱ्हा, तर पुणतांब्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

आमच्या मळ्याचे वाटेकरी कारभारी यांनी आल्या आल्या ओट्यावर माझा विषय विचारला. सूर्य, पृथ्वी नि चंद्र एकमेकांना ओढतात, तर ही चाल हजारो वर्षं अशीच राहील की बिघडेल ते मी पाहतो, असं समजावलं. त्यांनी तंबाखू मळत विचारलं, "मंग चंद्र पडनार हाय का?" नाही म्हटलं. "न्हाई ना? मंग दोन वरसं काय करताय तुमी?" परीक्षकांनी हेच विचारलं तर माझी पंचाईत होईल, पण ते तितके हुशार नसतात.

खरा कहर नानांनी केला. आमचं भिक्षुकाचं घर. हाताने लिहिलेला ग्रंथ घरात आला की देवापुढे पारायण झालंच पाहिजे. माझी कच्ची प्रत पाटावर ठेवून नानांनी तिला गंधफूल वाहिलं आणि मला सोवळं नेसवून वाचायला बसवलं. सगळं इंग्रजी नि बीजगणित! नाना प्रत्येक समीकरणाला मान डोलावत होते, चुकीच्या जागी. त्यांची विधवा बहीण, आमची दमूआत्या, अक्षरशत्रू, हात जोडून ऐकत होती. एकसष्टाव्या पानावर मागच्या वीस वर्षांतल्या चंद्राच्या जागा माझ्या रीतीने काढलेलं कोष्टक आहे. ते तिला मराठीत सांगण्याची दुर्बुद्धी मला झाली. सव्वीस सालच्या संक्रांतीपाशी तिने मला थांबवलं. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं म्हणे. माझ्या कोष्टकात त्या दिवशी चंद्र सूर्याच्या आसपासही फिरकत नाही. आत्या, हे गणित आहे, हरताळकेची कहाणी नव्हे, असं मी सुनावलं. सगळे हसले आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. अशा गोतावळ्यात राहून माणसाने संशोधन करायचं! मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा भाचा
शामकांत

ता. क. आत्याचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून नानांची जुनी पंचांगं माळ्यावरून काढली. ग्रहण होतं. तिसऱ्या पानावर एका पदाचं चिन्ह मी उलटं धरलं आणि पुढची सगळी पानं त्याच्या मागे गेली. मामा, गुरुवर्यांच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे असते. पाया पडतो, सोमवारच्या आत प्रबंध उचला. वाळवी लागली म्हणून सांगा. ते उघडून पाहणार नाहीत.

ता. क. दुसरा. आत्याजवळ चूक कबूल केली. त्या ग्रहणाच्या स्नानात तिची नथ गोदावरीत पडली, होळीच्या आत तिचे यजमान गेले आणि वीस वर्षं घराने तो दोष तिच्यावर ठेवला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (मीही कधी विचारलं नव्हतं.) ती म्हणाली, "तुझंच खरं ठरलं असतं तर बरं झालं असतं रे. ग्रहणच नाही, मग नदीवर गेलं असतं कोण?" मामा, मला फार लाज वाटली.

ता. क. तिसरा. या ओळींची शाई फुटलेली दिसेल. घाटाखालच्या डोहात तासभर बुड्या मारून आलो आणि ओल्या अंगानेच लिहितो आहे. नथ मिळाली नाही. वीस वर्षांत पाण्याने ती कुठे नेली ते काढायचं गणित मला येत नाही, असं आत्याला सांगितलं. तिने पंचा पुढे केला आणि म्हणाली, उद्या जरा खालच्या अंगाला बघ.