खजुराला ओहोटीही लागते

अबू अल-खसीब, १० नोव्हेंबर २०१८

ती. वदीआताईस शाकीरचा सलाम. वि. वि.

उन्हाळ्यात समुद्र नदीत शिरला, पाणी खारं झालं, म्हणून बागेच्या पाटाचं तोंड मी मातीने बुजवलं. तरी आईने लावलेल्या बर्ही जातीच्या खजुराची खालची पानं करपली. रोज विकतचं गोडं पाणी डबाभर घालतो. तुझी भावजय सबीहा म्हणते, एवढ्या लाडाने मला कधी पाजलं नाहीत. जमिनीला गिऱ्हाईक आलंय. करपलेली पानं छाटून बघतो. नाहीच जगला, तर वसंतात बाग विकून आम्ही बगदादला तुझ्याजवळ येतो. रागावू नकोस.

तुझा,
शाकीर

बगदाद, १८ नोव्हेंबर

चि. शाकीर यास सलाम आणि कान उपटून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो-हो करतोस, म्हणून लिहिते. कोयता खाली ठेव! नन्सच्या छड्या खाऊन मी वनस्पतिशास्त्र शिकले, जन्मभर शिकवलं, आणि माझाच भाऊ गाढव निघावा? मुळं मीठ दारातच अडवतात. जे आत शिरतं, ते झाड जुन्या पानांत कोंडतं, म्हणून मधला कोवळा गाभा वाचतो. ती पानं तू छाटणार? अरे, ती राबताहेत!

आणि डबाभर पाणी! ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ तिथेच बसतं. उन्हाळ्यात पाट बुजवलास ते ठीक. पण आतलं मीठ आता जायचं कुठून? आपल्या बागेत भरती पाणी आणते, ओहोटी मीठ धुऊन नेते. हे पाट खोदणारे आजोबा काय वेडे होते? पावसाने नदी गोडी झाली की पाटाच्या तोंडचा तो मातीचा बांध फोड.

बगदादला ये, घर तुझंच आहे. पण हरून आलास तर जेवताना तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही मला, एवढंच. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
वदीआ

अबू अल-खसीब, २९ मार्च २०१९

ती. ताईस सलाम. शिव्या पोटभर पोचल्या.

जानेवारीत नदीचं पाणी चाखलं, गोडं लागलं, बांध फोडला. भरतीचं पाणी बुंध्यापर्यंत आलं. ओहोटीला परतणारं चाखलं आणि थुंकलो. सबीहा हसून हसून खाली बसली. रोज चाखत गेलो. आता जातानाचं पाणीही पिववतं. करपलेल्या पानांना हात लावलेला नाही. मधून नवं पान निघालंय, भाल्यासारखं.

परवा गिऱ्हाईक उत्तर मागायला आलं, तेव्हा मी त्याच झाडावर होतो, नर झाडाचा मोहोर या मादी झाडाच्या मोहोरात बांधत. सबीहाने त्याला चहा दिला आणि सांगितलं, यंदाचं फळ हाती येईपर्यंत ते काही खाली यायचे नाहीत.

अशीच ओरडत राहा.

तुझा,
शाकीर